बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे : बॅटरीच्या साध्या परिपथातली विद्युतधारा स्वतः मोजून कशी पाहावी

दोन सेल, एक बल्ब आणि दोन तारा हाती दिल्या तर बल्ब पेटवणे पाचवीतल्या मुलालाही जमते. पण पेटलेल्या बल्बकडे बोट दाखवून ‘आत शिरणारी विद्युतधारा जास्त की बाहेर पडणारी जास्त?’ असे विचारले, तर विज्ञान शिकलेली मोठी माणसेही क्षणभर थबकतात आणि पुष्कळदा ‘शिरणारी जास्त’ असे उत्तर देतात. बल्ब वीज खातो, वीज जळते, बॅटरी उतरते हे शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात इतके रुळलेले आहेत की धारेचा थोडा भाग बल्बमध्ये खर्ची पडत असणार, असे मनाने आधीच ठरवलेले असते. प्रत्यक्षात ती तिथे जराही कमी होत नाही. हे विधान पाठ करणे सोपे आहे. परंतु ते मीटरवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला पुढचे सगळे नियम आपोआप समजू लागतात, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणूनच या लेखातली प्रत्येक पायरी करून पाहावी, नुसती वाचू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

सामान फार लागत नाही. दोन पेन्सिल सेल, ते बसवण्याचा प्लॅस्टिकचा होल्डर, १०० ओहमचे दोन आणि २२० ओहमचा एक असे पाव वॉटचे तीन रेझिस्टर (धारेला अडथळा, म्हणजे रोध, करणारे छोटे घटक; ओहम हे रोधाचे एकक), टॉर्चचा २.५ व्होल्ट ०.३ अँपिअरचा तारेचा बल्ब व त्याचा होल्डर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या चार-पाच वायरी आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज, धारा आणि रोध मोजणारा मीटर) एवढे पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळे एका फेरीत मिळू शकते. तारेचे बल्ब मात्र शोधावे लागतात, कारण टॉर्च आता बहुतेक एलईडीच्या झाल्या आहेत. तरीही या कामासाठी एलईडी घेऊ नये, कारण ती धारा एकाच दिशेने जाऊ देते आणि रेझिस्टरशिवाय जोडल्यास जळू शकते, त्यामुळे नवशिक्याचे लक्ष मूळ मुद्द्यावरून उडते. रेझिस्टर ओळखण्यासाठी त्यांच्यावरचे रंगीत पट्टे पाहावेत: तपकिरी, काळा, तपकिरी म्हणजे १०० ओहम आणि लाल, लाल, तपकिरी म्हणजे २२० ओहम. शेवटचा सोनेरी पट्टा सांगतो की खरे मूल्य छापील मूल्यापेक्षा ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असू शकते.

सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, यातले काहीही घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगजवळ नेऊ नये. दुसरी, मोबाइलमधून काढलेली लिथियम बॅटरी वापरू नये, कारण तिची दोन टोके चुकून जुळली तर काही क्षणांत इतकी मोठी धारा वाहते की वायर लाल होऊ शकते आणि बॅटरी पेट घेऊ शकते. तिसरी गोष्ट मल्टिमीटरच्या जिवाची आहे: मीटर अँपिअरच्या खुणेवर असताना त्याच्या दोन्ही प्रोब (मोजण्याच्या टोकदार तारा) बॅटरीच्या दोन टोकांना सरळ कधीही लावू नयेत. धारा मोजताना मीटर हा स्वतः एक जवळजवळ रोधहीन तार असतो, म्हणून अशी जोडणी म्हणजे बॅटरीचे शॉर्ट सर्किटच होते आणि मीटरमधला फ्यूज उडतो. माझ्या पहिल्या मीटरचा फ्यूज अगदी असाच उडाला होता, आणि त्यानंतर प्रत्येक मोजणीपूर्वी काय मोजायचे ते निवडण्याचा खटका कुठे आहे ते मोठ्याने म्हणण्याची सवय मी लावून घेतली.

मोजणीची सुरुवात विभवांतरापासून करावी. बोलताना आपण ज्याला व्होल्टेज म्हणतो तेच हे. मीटरचा खटका डीसी व्होल्टच्या २० या खुणेवर ठेवावा, काळी प्रोब कॉम लिहिलेल्या भोकात आणि लाल प्रोब व्होल्टच्या भोकात घालावी, आणि होल्डरमध्ये बसवलेल्या दोन सेलच्या टोकांना प्रोब टेकवाव्यात. सेल नवे असतील तर ३.१ किंवा ३.२ च्या आसपास आकडा दिसेल. या क्षणी कुठेही धारा वाहत नाही, तरीही दोन टोकांमध्ये विभवांतर आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: विभवांतर ही धारेची तयारी आहे, धारा नव्हे.

आता सेलच्या धन टोकापासून एक वायर १०० ओहमच्या रेझिस्टरला आणि रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकापासून एक वायर सेलच्या ऋण टोकाला जोडावी. रेझिस्टर उजळत नाही, आवाज करत नाही, त्यामुळे काही घडते आहे असे वाटतही नाही; परंतु धारा वाहते आहे. ती मोजायची तर परिपथ तोडून मीटर त्या तुटलेल्या जागी बसवावा लागतो, म्हणजे सगळी धारा मीटरच्या पोटातून जाते. खटका डीसी २०० मिलीअँपिअरवर आणावा, धन टोकाकडची क्लिप रेझिस्टरवरून काढून लाल प्रोबला लावावी आणि काळी प्रोब रेझिस्टरच्या मोकळ्या टोकाला लावावी. ३१ च्या आसपास आकडा येईल. ३.१ व्होल्टला १०० ओहमने भागले की ०.०३१ अँपिअर, म्हणजे ३१ मिलीअँपिअर येतात. मीटरचा स्वतःचा एखाददुसरा ओहम रोध आणि रेझिस्टरमधली ५ टक्क्यांची सूट यांमुळे आकडा थोडा सरकतो. तो वहीत लिहून ठेवावा.

यानंतर मीटर तिथून काढावा, वायर पूर्ववत जोडावी आणि आता परिपथ रेझिस्टरच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे रेझिस्टर आणि ऋण टोक यांच्यामध्ये तोडून तिथे मीटर बसवावा. घाई करू नये, क्लिप घट्ट बसल्या आहेत ना ते हलवून पाहावे, आणि मग आकडा वाचावा. तोच आकडा येतो. शेवटचा अंक एखाद्याने इकडेतिकडे झाला तर तो क्लिपच्या पकडीचा परिणाम असतो. पुढे मधला रेझिस्टर काढून त्या जागी टॉर्चचा बल्ब लावून हीच तुलना करावी. मात्र तेव्हा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात हलवून खटकाही १० अँपिअरच्या खुणेवर न्यावा, कारण बल्बची धारा ०.३ अँपिअरच्या घरात असते आणि मिलीअँपिअरच्या भोकातला फ्यूज ती सोसत नाही. झगझगीत प्रकाश पडतो आहे, काच हाताला गरम लागते आहे, आणि तरीही बल्बच्या अलीकडचा आकडा ०.२८ असेल तर पलीकडचाही ०.२८ च आहे, हे दृश्य विसरता येत नाही.

मग बल्बने खर्च केले तरी काय? जुन्या विहिरीवरचे रहाटगाडगे डोळ्यांसमोर आणले तर हे सोपे होते. गाडग्यांची माळ सतत फिरत असते. भरून वर येणाऱ्या गाडग्यांइतकीच रिकामी गाडगी खाली जातात, एकही गाडगे वाटेत नाहीसे होत नाही, आणि तरीही पाटाला पाणी मिळते. दर मिनिटाला समोरून किती गाडगी गेली ही झाली धारा, आणि गाडग्यातले पाणी ही झाली ऊर्जा. परिपथात तारेतून फिरणारे इलेक्ट्रॉन जितके बल्बमध्ये शिरतात तितकेच बाहेर पडतात. बल्बमध्ये उतरते ती ऊर्जा. ३.१ व्होल्ट गुणिले ०.०३१ अँपिअर म्हणजे सुमारे ०.१ वॉट, अर्थात ०.१ ज्यूल इतकी ऊर्जा दर सेकंदाला रेझिस्टरमध्ये उष्णतेच्या रूपाने निघत असते, आणि सेलमधली रासायनिक द्रव्ये तेवढी झिजत असतात. उपमेची मर्यादाही सांगायला हवी: इलेक्ट्रॉनच्या पाठीवर ऊर्जेचे गाडगे बांधलेले नसते. ऊर्जा तारांभोवतीच्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रांतून पोचते, इलेक्ट्रॉन केवळ त्या क्षेत्राने ढकलले जातात.

हे इलेक्ट्रॉन किती वेगाने चालतात याचा हिशेब करून पाहिला की पुष्कळांना धक्का बसतो. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून ०.३ अँपिअर धारा वाहत असेल तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.०२ मिलिमीटर, म्हणजे तासाला ८ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. मुंगीही यापेक्षा कितीतरी वेगाने चालते. तरीही स्विच दाबताच बल्ब पेटतो, कारण बल्बच्या तारेतले इलेक्ट्रॉन आधीपासून तिथेच असतात आणि विद्युत क्षेत्राची वार्ता त्यांच्यापर्यंत प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने पोचते. रहाटाची माळही अशीच आहे: बैल हलला की सगळी गाडगी एकदम हलतात, पहिले गाडगे वर येईपर्यंत बाकीची थांबत नाहीत.

दिशेविषयीचा गोंधळ इथेच मिटवून टाकावा. वहीत आपण धारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे जाते असे बाणाने दाखवतो, पण तारेतले इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात. धन आणि ऋण ही नावे बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात दिली आणि इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये लावला, तोवर बाणाचा संकेत रूढ झालेला होता. हिशेब दोन्ही दिशांनी तंतोतंत सारखाच येतो, म्हणून रूढ बाणच वापरावा. धारा ऋण टोकाशी ‘संपते’ असे मात्र समजू नये. साध्या कार्बन-जस्त सेलमध्ये बाहेरचे जस्ताचे भांडे हे ऋण टोक असते आणि पितळी टोपीखालची कार्बनची कांडी हे धन टोक. त्या दोहोंमधल्या ओलसर लगद्यातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सरकतात आणि वर्तुळ सेलच्या आतून पूर्ण होते.

आता दुसरा रेझिस्टर हाती घ्यावा. १०० आणि २२० ओहमचे रेझिस्टर एकामागे एक, म्हणजे एकसर जोडणीत लावावेत आणि धारा पुन्हा मिलीअँपिअरच्या खुणेवर मोजावी. लाल प्रोब आधी मूळच्या भोकात परत आणायला विसरू नये. एकूण रोध ३२० ओहम, म्हणून धारा ९.७ मिलीअँपिअरच्या आसपास येते, आणि ती पहिल्या रेझिस्टरच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर अशी तिन्ही ठिकाणी सारखी भरते. मग दोन्ही रेझिस्टरांची अदलाबदल करावी. धन टोकाजवळ २२० आणि नंतर १०० असे लावले तरी आकडा हलत नाही. ‘जो आधी त्याला जास्त’ ही पंगतीतली रीत परिपथाला लागू नाही. दूरच्या टोकाला केलेला बदल जवळच्या टोकालाही त्याच क्षणी जाणवतो, कारण धारा ही संपूर्ण वर्तुळाची मिळून एकच असते.

वाटणी होते ती विभवांतराची. मीटर पुन्हा व्होल्टवर आणून, परिपथ न तोडता, प्रोब आधी १०० ओहमच्या दोन टोकांना आणि नंतर २२० ओहमच्या दोन टोकांना टेकवाव्यात. पहिल्यावर सुमारे ०.९७ आणि दुसऱ्यावर सुमारे २.१३ व्होल्ट दिसतील, आणि बेरीज सेलच्या ३.१ व्होल्टशी जुळेल. ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला विभवांतर मोठे. गुस्ताव किर्खोफ यांनी विद्यार्थिदशेत असताना, १८४५ मध्ये, हाच विभवांतरांच्या बेरजेचा नियम मांडला, आणि त्याच्याच जोडीचा दुसरा, शाखांमधल्या धारांच्या बेरजेचा नियम पाहण्यासाठी १०० ओहमचे दोन्ही रेझिस्टर समांतर जोडावेत, म्हणजे दोघांचीही एकेक टोके एकत्र करून धनाला आणि उरलेली एकत्र करून ऋणाला लावावीत. आता प्रत्येक शाखेत मीटर घातला तर ३१ मिलीअँपिअर आणि सेलकडून येणाऱ्या मुख्य वायरीत घातला तर ६२ मिलीअँपिअर दिसतात. दुसरी शाखा जोडल्याने पहिलीची धारा घटली नाही. सेलला जास्त धारा पुरवावी लागली. बॅटरी ठरावीक धारा देते हा समज इथे पूर्णपणे गळून पडतो. बॅटरी साधारण ठरावीक विभवांतर राखते, आणि धारा किती वाहायची ते पुढे जोडलेला परिपथ ठरवतो.

‘साधारण’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, आणि त्याचा अर्थ बल्ब लावल्यावर कळतो. सेलच्या टोकांवर मीटर व्होल्टच्या खुणेवर ठेवूनच बल्ब जोडावा आणि आकड्याकडे पाहत राहावे: ३.१० वरून तो २.७० पर्यंत घसरल्यासारखा होतो आणि बल्ब काढताच पुन्हा चढतो. हरवलेले ०.४ व्होल्ट सेलच्या आतच खर्च झाले, कारण सेलमधल्या लगद्यालाही रोध असतो. बल्बची धारा ०.२८ अँपिअर मोजली असेल तर ०.४ भागिले ०.२८ म्हणजे जवळजवळ १.४ ओहम, आणि सेल दोन असल्याने प्रत्येकाचा अंतर्गत रोध ०.७ ओहमच्या आसपास भरतो. अल्कलाइन सेल घेतले तर हा रोध बराच कमी येतो आणि घसरणही कमी दिसते.

सेल जुना होत जातो तसा हा अंतर्गत रोध वाढतो. म्हणूनच टॉर्चमध्ये मंद पडलेले सेल भिंतीवरच्या घड्याळात घातले की कित्येक महिने चालतात, ही घराघरातली काटकसर शास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरते: घड्याळाला इतकी कमी धारा लागते की आतल्या रोधावर नगण्य विभवांतर पडते. उलट, नुसता मीटर लावून १.४ व्होल्ट दिसले म्हणून सेल चांगला आहे असे ठरवणे चूक आहे. सेलची परीक्षा बल्ब जोडलेला असतानाच करावी. त्या भाराखाली एका सेलचे विभवांतर १ व्होल्टच्या खाली जात असेल तर तो टॉर्चसाठी निकामी समजावा.

गेऑर्ग ओहम यांनाही नेमकी हीच अडचण आली होती. त्यांनी सुरुवातीचे प्रयोग त्या काळच्या विद्युतघटांवर केले, पण त्यांचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच ढळत असे. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी विद्युतघट सोडून तापमानातल्या फरकावर चालणारे, स्थिर विभवांतर देणारे तांबे-बिस्मथचे साधन घेतले, आणि मगच १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेला, विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते हा नियम हाती लागला.

तो नियम बल्बला कितपत लागू पडतो हेही पाहून घ्यावे. रेझिस्टरवर दोन सेलऐवजी एकच सेल लावला तर धारा निम्मी होते. बल्बवर तसे होत नाही: दोन सेलवर ०.२८ अँपिअर घेणारा बल्ब एका सेलवर ०.१४ नव्हे, तर ०.२ च्या आसपास घेतो, आणि प्रकाश मात्र निम्म्याहून कितीतरी कमी, तांबूस होतो. कारण टंगस्टनच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो. बल्ब परिपथातून पूर्ण सोडवून, मीटर २०० ओहमवर ठेवून त्याचा थंड रोध मोजावा. दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवल्यावर दिसणारा आकडा त्यातून वजा केला की सुमारे १ ओहम उरतो. पेटलेल्या बल्बचा रोध मात्र २.७ भागिले ०.२८, म्हणजे साडेनऊ ओहमच्या वर येतो, कारण तार तेव्हा २००० अंश सेल्सिअसच्याही वर तापलेली असते. तारेचे बल्ब बहुधा स्विच दाबण्याच्या क्षणीच का उडतात याचे मुख्य कारण हेच: थंड तारेतून पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट धारा धावते.

हे सगळे हातात बसल्यावर बंद पडलेला टॉर्च दुरुस्त करणे अंदाजाचे काम राहत नाही. टॉर्च चालू करून, मीटर व्होल्टवर ठेवून, काळी प्रोब सेलच्या ऋण टोकावर धरावी आणि लाल प्रोब धन टोकापासून सुरू करून धारेच्या वाटेने एकेक सांध्यावर टेकवत जावी. वर्तुळ कुठेतरी तुटले असेल तर धारा शून्य असते, म्हणून बल्बवर काहीच विभवांतर पडत नाही आणि सगळे ३ व्होल्ट त्या तुटलेल्या जागेच्या दोन काठांमध्ये गोळा झालेले सापडतात. लाल प्रोब बल्बच्या पलीकडे, स्विचच्याही पलीकडे नेली, तरी मीटर पूर्ण ३ व्होल्ट दाखवत राहिला आणि शेवटी मागच्या झाकणातली स्प्रिंगही ३ व्होल्ट दाखवू लागली, तर दोष स्प्रिंग आणि सेलचे बूड यांच्यामधल्या स्पर्शात आहे. झाकण उघडून पाहिले तर तिथे बहुधा पांढरट किंवा हिरवट खर जमलेली असते. सेल काढून घ्यावेत, ती खर नखाने न खरवडता व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावी, कोरड्या फडक्याने ओल टिपून घ्यावी, स्प्रिंगचे टोक बारीक पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावे, आणि सेल पुन्हा बसवून बल्बच्या दोन टोकांमध्ये विभवांतर आले का ते मीटरवर पाहावे.